प्रस्तावना : रुग्णाचा नमुना आणि जंतूची कैफियत

केसतूड, नखुरडे, काळपुळी, बाळंतिणीच्या स्तनात होणारे गळू, शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या तोंडाशी साठणारा पू आणि लहान मुलांच्या लांब हाडांत शिरून वर्षानुवर्षे वाहत राहणारा व्रण, ही सारी दुखणी आपल्या समाजाला वेगवेगळ्या नावांनी परंपरेने ठाऊक असली, आणि त्यांवर पोटीस, लेप, शस्त्र असे वेगवेगळे उपचार पिढ्यानपिढ्या चालत आले असले, तरी त्यांतील बहुसंख्य दुखण्यांच्या मुळाशी एकच सूक्ष्मजंतू असतो, ही गोष्ट उघडकीस येऊन अद्याप पुरती दीडशे वर्षेही झालेली नाहीत. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास आपल्या रुग्णांच्या गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात घोसाघोसांनी राहणारे गोल जंतू त्यांना आढळले, आणि तोच पू प्राण्यांना टोचल्यास त्यांच्या अंगीही गळू होते हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १८८४ मध्ये जर्मन शल्यवैद्य रोझेनबाख यांनी या जंतूच्या सोनेरी वसाहती पांढऱ्या वसाहतींपासून वेगळ्या काढल्या, आणि ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’ हे नाव वैद्यकाच्या दप्तरी कायमचे दाखल झाले. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हाच जंतू आहे. मात्र त्याची साद्यंत बखर सांगण्याचा येथे उद्देश नाही. रुग्णांच्या पुवातून, रक्तातून, थुंकीतून आज तो प्रयोगशाळेत येतो तेव्हा कोणकोणत्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, ही स्थिती कोणत्या क्रमाने ओढवली, आणि तिचा बंदोबस्त कोणाच्या हाती आहे, एवढ्या तीन प्रश्नांपुरतीच या पुस्तकाची मर्यादा आखलेली आहे.

या जंतूविषयी प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते हे की, तो कोठून बाहेरून चाल करून आलेला परकी शत्रू नाही. धडधाकट माणसांतही सुमारे तिघांमागे एकाच्या नाकपुडीत तो सुखाने नांदत असतो, आणि बहुतेकांना त्याचा उपसर्ग जन्मभरात कधी जाणवतही नाही. परंतु कातडीला चीर पडली, शिरेत सलाइनची नळी फार दिवस राहिली, मधुमेहाने शरीराचा पाडाव केला, किंवा शल्यगृहातील एखाद्या हाताने नियम मोडला, म्हणजे हाच निरुपद्रवी रहिवासी रक्तात उतरतो आणि हृदयाच्या झडपा, फुप्फुसे, मणके व सांधे अशी एकेक ठिकाणे काबीज करीत जातो. प्रतिजैविके हाती येण्यापूर्वी या अवस्थेचा शेवट काय होत असे, याची कल्पना आजच्या तरुण डॉक्टरास करता येणे कठीण आहे. १९४१ मध्ये बॉस्टन येथील सार्वजनिक रुग्णालयातील १२२ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. रक्तात हा जंतू आढळलेल्या त्या रुग्णांपैकी ८२ टक्के दगावले होते. आज आपण जे गमावण्याच्या बेतात आहो, त्याचे मोल या एका आकड्यावरून करावे.

पेनिसिलिनच्या शोधाची कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते. पण त्या कथेत बुरशीचे कौतुक करण्याच्या नादात, बशीत वाढत असलेला जंतू कोणता होता याचा उल्लेख बहुधा राहून जातो. १९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशीभोवती विरघळून गेलेल्या ज्या वसाहती दिसल्या, त्या स्टॅफिलोकॉकसच्याच होत्या. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी त्या बुरशीतील द्रव्य वेगळे काढून १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला टोचले, तेव्हा त्याचा चेहरा आणि डोळा पोखरणाऱ्या जंतूंतही हा होताच. औषध इतके दुर्मीळ की, शिपायाच्या लघवीतून बाहेर पडणारे पेनिसिलिन गाळून काढून पुन्हा त्यालाच टोचावे लागे. काही दिवसांत त्याचा ताप उतरला, त्याने अन्न घेतले. पण साठा संपला, जंतूंनी पुनः उचल खाल्ली, आणि मार्चमध्ये तो मरण पावला. औषध गुणकारी असूनही मात्रा अपुरी पडली तर काय होते, याचा धडा त्या औषधाच्या पहिल्याच रुग्णाने आपल्या प्राणांचे मोल देऊन घालून दिला.

दुसरा धडा तर त्याहूनही आधीचा आहे. पहिल्या रुग्णाला पहिली मात्रा मिळण्यापूर्वीच, १९४० च्या डिसेंबरात, एब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आतड्यातील जंतूत आढळल्याचे प्रसिद्ध केले होते. १९४४ मध्ये विल्यम कर्बी यांनी पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमधून तसेच द्रव्य काढून दाखविले. आणि १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात खुद्द फ्लेमिंग यांनी, अपुऱ्या मात्रेने औषध घेणारा मनुष्य जंतूंना औषधाची सवय लावून ते जंतू दुसऱ्यांच्या अंगी घालील, असा स्पष्ट इशारा दिला. इशारा वेळेवर मिळाला नाही, अशी सबब या प्रकरणात कोणालाही पुढे करता येणार नाही.

तो इशारा खरा ठरण्यास फार काळ लागला नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या बाईंनी रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेल्या स्टॅफिलोकॉकसची पद्धतशीर नोंद ठेवली, आणि त्या नोंदीत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के, १९४७ मध्ये ३८ टक्के आणि १९४८ मध्ये ५९ टक्के असे चढत गेलेले दिसले. आकडे थक्क करणारे आहेत. पण त्यांहून मोलाचा आहे तो बार्बर बाईंनी त्यांचा लावलेला अर्थ. औषध टोचलेल्या रुग्णाच्या अंगातील भोळा जंतू एकाएकी प्रतिकारक्षम होतो असे त्यांना आढळले नाही. पेनिसिलिनने दुबळे जंतू नाहीसे झाले, मोकळ्या झालेल्या जागेत आधीपासूनच थोड्या संख्येने असलेले चिवट जंतू वाढले, आणि हातांवरून, पट्ट्यांवरून, पांघरुणांवरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रतिकार हा जसा औषधाच्या वापराचा प्रश्न आहे, तसाच तो रुग्णालयाच्या स्वच्छतेचाही आहे, हे सूत्र येथे प्रथम हाती लागले. आणि या पुस्तकात पुढे जे जे येईल, ते या सूत्राचाच विस्तार आहे असे समजण्यास हरकत नाही.

प्रतिकाराची यंत्रणा समजून घेतल्यावाचून प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थ लागत नाही, म्हणून तिचा थोडा तपशील येथेच देतो. जंतूच्या पेशीभोवती एक भिंत असते व ती अखंड रचली जात असते. ही रचना करणाऱ्या प्रथिनांना गवंडी समजावे. पेनिसिलिन या गवंड्याचा हातच धरून ठेवते, भिंत अपुरी राहते, आणि आतल्या दाबाने पेशी फुटते. जंतूचा पहिला तोडगा असा की, गवंड्यापर्यंत पोचण्याच्या आतच औषधाचे रेणू तोडून टाकणारे विकर निर्माण करावे. त्यावर रसायनशास्त्रज्ञांनी १९५९-६० च्या सुमारास या विकराला न तुटणारे मेथिसिलिन बाजारात आणले. १९६१ मध्ये लंडनच्या कोलिंडेल येथील प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी पाच हजारांहून अधिक स्टॅफिलोकॉकस तपासले, आणि त्यांत एकाच रुग्णालयातून आलेले तीन मेथिसिलिनलाही दाद देत नाहीत असे त्यांना आढळून आले. या जंतूंनी औषध तोडण्याच्या खटाटोपाऐवजी गवंडीच बदलला होता. ‘मेकए’ नावाच्या जनुकाच्या आज्ञेने तयार होणारे नवे प्रथिन भिंत तर रचते, पण या कुळातील औषधांना त्याचा हात धरता येत नाही. त्यामुळे पेनिसिलिन, क्लॉक्सॅसिलिन आणि अलीकडची एखाददुसरी वगळता सारी सेफॅलोस्पोरिने एकाच फटक्यात निकामी होतात. रुग्णालयांत आज ज्याला ‘एमआरएसए’ म्हणतात तो हाच.

या हकिकतीला अलीकडे एक चमत्कारिक पुरवणी जोडली गेली आहे. शीतपेट्यांत जतन करून ठेवलेल्या १९६० च्या दशकातील जंतूंच्या जनुकांचा क्रम वाचून शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये असे अनुमान प्रसिद्ध केले की, मेकए हे जनुक या जंतूत १९४० च्या दशकाच्या मध्यासच, म्हणजे मेथिसिलिन बनविले जाण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे, येऊन बसले होते. पेनिसिलिनच्या सरसकट वापराने त्याला आसरा दिला असावा. २०२२ मध्ये त्यापुढचा पुरावा आला. युरोपातील साळूसारख्या काटेरी हेजहॉग या लहान प्राण्याच्या कातडीवर पेनिसिलिन निर्माण करणारी एक बुरशी राहते, आणि तिच्या शेजारी जगता जगता तेथील स्टॅफिलोकॉकसने याच जातीचा प्रतिकार एकोणिसाव्या शतकापासून, म्हणजे माणसाने प्रतिजैविक पाहण्यापूर्वीपासून, बाळगलेला आहे. यावरून निघणारा निष्कर्ष मला या सबंध विषयाचा गाभा वाटतो: प्रतिकाराची उत्पत्ती निसर्गाची आहे, पण रुग्णालयांत त्याचा अंमल बसविला तो आपण. उत्पत्ती आपल्या हातची नसल्यामुळे नवनवी औषधे शोधून तिला कायमचा पायबंद घालता येईल ही आशा व्यर्थ आहे; अंमल मात्र आपल्याच कृतीने बसलेला असल्यामुळे तो उठविणेही आपल्या आवाक्यात आहे.

मधल्या काळातील घडामोडी येथे धावत्या नजरेने सांगतो, कारण त्यांचा तपशील त्या त्या प्रकरणात आलेला आहे. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांच्या शिशुकक्षांत प्रथम दिसलेल्या या जंतूच्या एका जातीने जगभरच्या प्रसूतिगृहांना जेरीस आणले. बोर्निओच्या मातीतील जंतूपासून काढलेले व १९५८ पासून वापरात आलेले व्हॅन्कोमायसिन हा कित्येक दशके अखेरचा आधार राहिला. जपानमधील हिरामात्सु यांच्या चमूने १९९७ मध्ये त्यालाही अर्धवट न जुमानणारा जंतू प्रसिद्ध केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात, एंटेरोकॉकस या दुसऱ्याच जंतूकडून जनुक उसने घेऊन पूर्ण प्रतिकारक्षम झालेला स्टॅफिलोकॉकस एका रुग्णाच्या नमुन्यात सापडला. याच सुमारास रुग्णालयाची पायरीही न चढलेल्या निरोगी मुलांना एमआरएसए होऊ लागला. मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या राज्यांतील अशा चार मुलांचे मृत्यू १९९९ मध्ये जाहीर झाले, आणि हा रुग्णालयाच्या चार भिंतींतला रोग आहे ही समजूत संपुष्टात आली.

आपल्या देशाचा विचार करताना महाराष्ट्रीय वाचकाला पिंपरीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना तेथे स्थापन झाला, आणि १९५५ पासून देशी पेनिसिलिन बाजारात येऊ लागले. ज्या औषधासाठी ऑक्सफर्डच्या शिपायाची लघवी गाळावी लागली, ते पंधरा वर्षांच्या आत पुण्याच्या वेशीवर तयार व्हावे, ही अभिमानाची गोष्ट होती व आहे. मात्र औषध मुबलक झाले त्या वेगाने त्याच्या वापराचा हिशेब ठेवण्याची यंत्रणा उभी राहिली नाही. भारतातील पंधरा मोठ्या रुग्णालयांनी मिळून २००८ व २००९ या दोन वर्षांत २६ हजारांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसची तपासणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे ४१ टक्के मेथिसिलिनला प्रतिकार करणारे निघाले. जगाचा आकडा घ्यावयाचा तर, २०१९ या एका वर्षात एमआरएसएच्या प्रतिकारामुळे थेट घडलेल्या मृत्यूंची संख्या एक लाखाहून अधिक असल्याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

असे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावयास हवी, आणि ती न बाळगल्यामुळे या विषयावर पुष्कळ बेजबाबदार लेखन झाले आहे. ४१ टक्के याचा अर्थ गावातील शंभर गळवांपैकी एक्केचाळीस गळवे असाध्य, असा नव्हे. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पू येतो तो बहुधा अशाच रुग्णाचा, ज्याने आधी दोन ठिकाणी गोळ्या घेतल्या, ज्याची जखम चिघळली आणि जो अखेरीस शहराकडे निघाला. साध्या केसतुडाचा नमुना कोणी पाठवीत नाही. एकाच रुग्णाचे चार नमुने चार वेळा मोजले तरी टक्केवारी फुगते, म्हणून प्रत्येक रुग्णाचा पहिलाच जंतू हिशेबात धरण्याचा दंडक आहे. शिवाय रक्ताच्या बाटलीत कातडीवरचा दुसराच एखादा सौम्य स्टॅफिलोकॉकस सुई टोचताना उतरतो, आणि रुग्णाला नसलेल्या रोगाची औषधे सुरू होतात. नमुना हा साक्षीदार खरा. परंतु त्याला कोठून, कोणत्या अवस्थेत व कशासाठी हजर केले, हे पाहिल्याखेरीज त्याची जबानी ग्राह्य धरता येत नाही.

या जबानीची नोंद कशी होते ते जवळून पाहण्याजोगे आहे. पू आला की त्याचा एक ठिपका काचपट्टीवर रंगवून जांभळे घोस दिसतात का ते पाहतात. उरलेला रक्तमिश्रित अगारच्या बशीवर ओढून रात्रभर उबवणपेटीत ठेवतात. सकाळी उगवलेल्या वसाहतींतील जंतू सशाच्या रक्तद्रवात मिसळला असता तो द्रव गोठला, तर सामान्यतः तो ऑरियस ठरतो. मग त्या जंतूंचा ठरावीक गढूळपणाचा घोल दुसऱ्या अगारवर सारखा पसरून त्यावर औषधांच्या चकत्या मांडतात. मेकएचा छडा लावण्यासाठी आता मेथिसिलिनची नव्हे, तर सेफॉक्सिटिनची चकती वापरतात. तिच्याभोवतीच्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरला, तर जंतू एमआरएसए. सर्वांत बोलका प्रसंग पुढचा. एरिथ्रोमायसिनची चकती क्लिंडामायसिनच्या चकतीशेजारी ठेवली असता, कधी कधी क्लिंडामायसिनचे वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूला चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसते. याचा अर्थ, एकटे तपासले असता लागू पडणारे क्लिंडामायसिन या रुग्णात दगा देण्याचा संभव आहे, कारण जंतूपाशी प्रतिकार दडलेला आहे आणि चिथावणी मिळताच तो जागा होतो. दोन चकत्या दूर ठेवणाऱ्या तंत्रज्ञाला ही चपटी कड कधीच दिसत नाही. व्हॅन्कोमायसिनची गोष्ट याहून वेगळी. त्याची चकती विश्वसनीय नाही, त्याचे किमान प्रभावी प्रमाण मोजूनच काढावे लागते, आणि तरीही चकतीवरून बिनदिक्कत अभिप्राय देणारे अहवाल आजही पाहावयास मिळतात.

इतक्या कष्टाने तयार झालेला अहवाल रुग्णाच्या उशाशी पोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. औषध आधी सुरू होते, नमुना मागाहून घेतला जातो, आणि अर्धमेल्या जंतूंच्या बशीत काही उगवले नाही म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ असे समाधान मानले जाते. केमिस्टच्या दुकानातून दोन दिवसांच्या चार कॅप्सूल कापून घेणारा गिऱ्हाईक आणि त्या कापून देणारा दुकानदार हे दोघेही या प्रकरणात भागीदार आहेत. २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-वन’ अनुसूचीने काही प्रतिजैविकांच्या प्रत्येक विक्रीची नोंद रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावानिशी ठेवून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन घातले खरे. पण कायद्याची कलमे आणि काउंटरवरचा व्यवहार यांतील अंतर आपण सारेच जाणतो. डॉक्टरांचाही दोष लहान नाही. पुवाने भरलेले गळू शस्त्राने मोकळे करणे हाच मुख्य उपचार असताना, चिरा देण्याचे टाळून भारी औषधांची चढाओढ चालते. उलट, अहवालात जंतू मेथिसिलिनला वश आहे असे स्पष्ट लिहिलेले असतानाही, जबरदस्त म्हणून व्हॅन्कोमायसिनच चालू ठेवण्याची प्रथा आहे. आणि वस्तुस्थिती अशी की, अशा वश जंतूवर क्लॉक्सॅसिलिन किंवा सेफॅझोलिन हे व्हॅन्कोमायसिनहून अधिक गुणकारी ठरते. अहवाल वाचण्याचा लाभ तो दुहेरी: कोठे जड शस्त्र उचलावे हे कळते, आणि कोठे ते खाली ठेवावे हेही.

हे चित्र पाहून निराश होण्याचे मात्र कारण नाही. इंग्लंडमध्ये २००१ पासून रक्तातील एमआरएसएची नोंद प्रत्येक सरकारी रुग्णालयावर सक्तीची झाली; २००३-०४ मध्ये सुमारे ७,७०० वर असलेला हा आकडा २००८-०९ मध्ये ३,००० च्या आत आला. या पाच वर्षांत कोणतेही अद्भुत औषध सापडले नव्हते. खाटेखाटेशी हात निर्जंतुक करण्याची सोय, शिरेतील नळीची निगा, दाखल होणाऱ्या रुग्णांची तपासणी, आणि आकडे दडवून ठेवता न येण्याची व्यवस्था, एवढ्यानेच हे घडले. नेदरलँड्सने तर वाहक शोधून त्यांना वेगळे ठेवण्याच्या शिस्तीवर एमआरएसएचे प्रमाण दीर्घकाळ अत्यल्प राखले आहे. बार्बर बाईंनी १९४८ मध्ये काढलेल्या निष्कर्षाला राष्ट्रीय पातळीवर मिळालेली ही पावतीच म्हणावयाची.

या पुस्तकाची मांडणी वरील क्रमानेच केली आहे. पूर्वार्धात जंतू, औषधे व प्रतिकाराची यंत्रणा यांचा इतिहास आहे. उत्तरार्धात नमुना घेण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंतची प्रत्येक पायरी, आणि अहवालावरून उपचार ठरविण्याची रीत सांगितली आहे. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालविणारा डॉक्टर, जिल्हा रुग्णालयातील तंत्रज्ञ आणि शल्यगृहाबाहेर पट्ट्या बदलणारी परिचारिका हे तिघे मनात धरून ते लिहिले आहे. पण सुशिक्षित गृहस्थाने आपल्या घरातील औषधांच्या डब्यापुरते जरी ते वाचले, तरी त्याचा उपयोग होईल. पारिभाषिक शब्द जेथे रूढ आहेत तेथे रूढच ठेवले आहेत; दवाखान्यात ज्याला सगळे ‘कल्चर’ म्हणतात त्यासाठी नवे नाव घडविण्याचा हव्यास धरलेला नाही.

वाचकाकडे मागणे थोडके आहे. डॉक्टर असाल तर गंभीर रुग्णाला प्रतिजैविकाची पहिली मात्रा देण्यापूर्वी नमुना घ्या, आणि दोन दिवसांनी अहवाल हाती आला की आपले औषध त्याच्याशी ताडून पाहून बदला किंवा थांबवा. प्रयोगशाळेत असाल तर सेफॉक्सिटिनचा व्यास मोजल्यावाचून आणि दोन चकत्या शेजारी मांडल्यावाचून अहवालावर सही करू नका. रुग्ण असाल तर चार कॅप्सूल कापून मागू नका, आणि रुग्णालयात जो कोणी तुमच्या जखमेला हात लावावयास येईल त्याला, तो कितीही मोठा असला तरी, आधी हात धुण्यास सांगा.